बराकीतला आसरा: आश्रितांच्या सरकारी निवाऱ्याची पार्श्वभूमी

देवळालीची छावणी ब्रिटिशांनी १८६०च्या दशकात उभारली, ती मायदेशी निघालेल्या शिपायांना जहाज मिळेपर्यंत थांबवण्यासाठी. अशा छावण्यांतल्या बराकीचा आराखडा त्याच गरजेतून आला: एक लांब दालन, दोन्ही बाजूंना खाटा, संडास आणि मुदपाकखाना वेगळ्या इमारतीत. राहणारा तरुण, निरोगी, एकटा पुरुष असेल आणि लवकरच जाईल, हे गृहीत.

१९४७ नंतर सिंधमधून आलेली कुटुंबं मुंबई प्रांत सरकारने देवळालीत, कल्याणजवळ आणि इतर लष्करी छावण्यांत उतरवली. छत तयार होतं. त्या घडीला निर्णय योग्यच होता. पण माणसं वर्षानुवर्षं राहिली. कल्याणच्या छावणीचं १९४९ मध्ये उल्हासनगर झालं. कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ पासून पोलिश निर्वासित होते. ते गेल्यावर तिथे सिंधी आले आणि गांधीनगर वसलं.

कुटुंब बराकीत आलं की बिघाड ठरावीक क्रमाने होतो. आधी गोणपाटाचे पडदे लागतात. मग चूल किंवा स्टोव्ह आत येतो, कारण सामायिक स्वयंपाकघर लांब असतं. धूर कोंडतो, पडदा पेट घेतो. संडास दूर आणि वाट अंधारी असेल, तर बायका संध्याकाळनंतर पाणी पिणं टाळतात.

संयुक्त राष्ट्रांच्या १९५१च्या निर्वासित करारात घरांबद्दल कलम २१ आहे, पण त्यात मोजमाप नाही, आणि ते देशात कायदेशीर वास्तव्य असलेल्या निर्वासितांसाठी आहे. आश्रयाच्या अर्जाचा निकाल लागायचा आहे असा माणूस बहुधा या कलमाबाहेरच राहतो. मदतसंस्थांचे सामायिक आकडे आले ते १९९४ मध्ये गोम्यात (तेव्हाच्या झैरेत) रवांडाच्या निर्वासितांमध्ये कॉलऱ्याने हजारो माणसं दगावल्यावर. १९९७ मध्ये या संस्थांचा स्फिअर प्रकल्प सुरू झाला. त्याची किमान मानकं अशी: माणशी ३.५ चौरस मीटर छताखालची जागा, रोज १५ लिटर पाणी, २० जणांमागे एक संडास, तोही घरापासून ५० मीटरच्या आत.

हे आकडे नुसते भागून चालत नाहीत. ३० बाय ६ मीटरच्या बराकीत हिशेबाने ५१ माणसं बसतात, १.२ मीटरची वाट सोडली की ४१. पाच जणांच्या कुटुंबाला ४.८ मीटर रुंदीत साधारण ३.६५ मीटर लांबी लागते. आडभिंती खिडक्या बघून घालाव्या लागतात, नाहीतर एका खोलीला दोन खिडक्या आणि शेजारच्या खोलीला एकही नाही. भिंत छतापर्यंत नेली तर हवा अडते, अर्धी ठेवली तर आडोसा राहत नाही. म्हणून डोक्याच्या बऱ्याच वरपर्यंत भिंत आणि त्यावर जाळी.

सर्वांत फसवा आकडा नळाचा. २५० माणसांमागे एक नळ हे प्रमाण मिनिटाला साडेसात लिटर पाणी आठ तास येतं असं धरून आहे. आपल्याकडच्यासारखं दोनच तास आलं, तर तो नळ ६० जणांनाच पुरतो. साठवणटाकी हवीच, आणि तिची साफसफाई कोणाकडे हे पहिल्याच दिवशी ठरायला हवं.

युरोपीय संघाने २००३ मध्ये आश्रय मागणाऱ्यांच्या राहणीमानाचे किमान निकष बहुतेक सदस्य देशांवर बंधनकारक केले. तरी बराकीची सवय सुटली नाही. सप्टेंबर २०२० पासून ब्रिटनने केंटमधल्या नेपियर बराकीत आश्रय मागणाऱ्या पुरुषांना सामायिक शयनगृहांत ठेवलं. जानेवारी २०२१ मध्ये तिथे कोविडची मोठी साथ पसरली. जूनमध्ये उच्च न्यायालयाने ती व्यवस्था किमान दर्जाची नाही असा निकाल दिला.

भारताने १९५१च्या करारावर सही केलेली नाही आणि स्वतंत्र निर्वासित कायदाही केलेला नाही. त्यामुळे छावणीतली खोली केवढी असावी, हे शासकीय आदेशावर अवलंबून असतं. तमिळनाडूत १९८३ पासून आलेल्या श्रीलंकन तमिळांच्या छावण्यांतली ७,४६९ मोडकळीला आलेली घरं नव्याने बांधण्याची घोषणा राज्य सरकारने केली ती २०२१ मध्ये. तोवर काही कुटुंबांची तिसरी पिढी तिथे वाढत होती.