मेंदूचा प्रायमरी लिम्फोमा : पेशी आली कुठून, बिघडलं काय

मेंदू, मज्जारज्जू, त्यांच्यावरची आवरणं आणि डोळा, एवढ्यातच सुरू होऊन तिथेच राहणारा लिम्फोमा (लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर) म्हणजे प्रायमरी सीएनएस, म्हणजे मध्यवर्ती मज्जासंस्थेचा, लिम्फोमा. मेंदूत सुरू होणाऱ्या गाठींमध्ये याचं प्रमाण साधारण २ ते ४ टक्के, म्हणजे तसा दुर्मिळच, पण गाठ मेंदूत असून ती मेंदूच्या पेशींची नसतेच. दहातल्या नऊहून जास्त केसेसमध्ये ती बी लिम्फोसाइटची असते, म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशीची, आणि प्रकार असतो डिफ्यूज लार्ज बी सेल लिम्फोमा. हे कळायला बराच काळ गेला. १९२९ मध्ये पर्सिव्हल बेली यांनी याला पेरिथेलियल सार्कोमा म्हटलं, नंतर मेंदूतल्या मायक्रोग्लिया पेशींवर संशय घेऊन मायक्रोग्लिओमा हे नाव चाललं, आणि पेशीवरची प्रोटीन ओळखणारे स्टेन, म्हणजे खास रंग, आले तेव्हा कुठे खरी पेशी सापडली.

मायक्रोस्कोपखाली स्लाइड बघितली की पहिल्यांदा डोळ्यात भरतं ते रक्तवाहिनीभोवतीचं कडं. मोठ्या, गडद केंद्रकाच्या पेशी बारीक वाहिनीला गोल वेढून दाटीनं बसलेल्या असतात आणि तिथून एकेक करत मेंदूत पसरत जातात, त्यामुळे गाठीची कड नेमकी कुठे संपते ते सांगता येत नाही आणि सर्जरी करून ती पूर्ण काढणंही जमत नाही.

ही पेशी आयुष्याच्या कुठल्या टप्प्यावर बिघडली हा खरा मुद्दा. बी सेल, म्हणजे हीच बी लिम्फोसाइट, लिम्फ नोडमधल्या जर्मिनल सेंटर या तिच्या तालमीच्या जागी जाते, तिथे ती आपल्या अँटिबॉडीच्या जीनमध्ये मुद्दाम बदल करत करत अँटिबॉडी जास्त घट्ट चिकटणारी बनवते, मग बाहेर पडून अँटिबॉडी सोडणारी प्लाझ्मा सेल किंवा ओळख लक्षात ठेवणारी मेमरी सेल होते. या लिम्फोमाच्या पेशीत बीसीएल६ हे प्रोटीन दिसतं, जे जर्मिनल सेंटरची खूण आहे, आणि सोबत एमयूएम१ पण दिसतं, जे बाहेर पडताना येतं, म्हणजे पेशी बरोबर उंबरठ्यावर अडकलेली. ती आयजीएम हा सुरुवातीचा अँटिबॉडीचा प्रकारच बनवत राहते, आयजीजी या नंतरच्या प्रकाराकडे वळत नाही, आणि प्लाझ्मा सेल होण्यासाठी लागणारा पीआरडीएम१ हा जीन बऱ्याचदा बाद झालेला असतो, त्यामुळे पुढचा रस्ताच बंद.

जीनमधले बिघाड बघितले तर दोन नावं सारखी येतात, एमवायडी८८ आणि सीडी७९बी. एमवायडी८८ च्या प्रोटीनमध्ये २६५ व्या जागी ल्युसिन या अमिनो आम्लाऐवजी प्रोलिन येतं, एवढाच एक बदल, आणि तो निम्म्याहून जास्त पेशंटांत सापडतो. सीडी७९बी हा बी सेल रिसेप्टरचा, म्हणजे पेशीवर बसून बाहेरची प्रोटीन पकडणाऱ्या ग्राहकाचा, भाग. दोन्हीकडून सिग्नल शेवटी एनएफ कप्पा बी या जीन चालू करणाऱ्या प्रोटीनवर जातो आणि पेशीला जगत राहा, वाढत राहा असा निरोप थांबतच नाही, म्हणून तर या साखळीतल्या बीटीके एन्झाइमला अडवणारं इब्रुटिनिब हे औषध इथे वापरून बघितलं गेलं आणि काही पेशंटांत गाठी आकसल्या. शिवाय सीडीकेएन२ए हा जीन गेल्यामुळे पेशी विभाजनाचा ब्रेक सुटतो, आणि पेशीच्या आतलं काय ते बाहेर दाखवणाऱ्या एचएलएचे जीन हरवल्यामुळे टी सेलला, म्हणजे बिघडलेल्या पेशी मारणाऱ्या पांढऱ्या पेशीला, ही पेशी ओळखता येत नाही. पीआयएम१ सारख्या जीनमध्ये अँटिबॉडीसाठीचं बदल करणारं यंत्र चुकून घुसल्याच्या खुणा दिसतात, म्हणजे पेशीचं रोजचं कामच तिच्यावर उलटलेलं असतं.

पण मग मेंदूच का? हे पूर्ण सुटलेलं नाही, तरी एक धागा मला फार महत्त्वाचा वाटतो. बऱ्याच पेशंटांच्या गाठीतला रिसेप्टर मेंदूतल्याच प्रोटीनला चिकटतो असं दिसलंय, उदाहरणार्थ एसएएमडी१४ आणि न्यूराबिन १, तेही साखरेच्या जादा साखळ्या लागलेल्या रूपात. म्हणजे पेशी मेंदूत पोचली की तिला हवं ते प्रोटीन समोरच असतं आणि रिसेप्टर सतत चेतत राहतो, त्यात सीएक्ससीएल१३ सारखे केमोकाइन नावाचे रासायनिक निरोप तिला तिथे बोलावतात नि धरून ठेवतात, आणि मेंदूत इम्यून सिस्टिमचा पहारा तसाही सौम्यच. वृषणातल्या लिम्फोमातही हेच दोन म्युटेशन जास्त दिसतात, तीही अशीच झाकलेली जागा, म्हणून डब्ल्यूएचओच्या २०२२ च्या वर्गीकरणात मेंदू, डोळा आणि वृषण यांचे हे लिम्फोमा एकाच गटात घेतलेत.

एचआयव्ही किंवा ट्रान्सप्लांटनंतरच्या औषधांनी इम्युनिटी खचलेल्या लोकांतला लिम्फोमा मात्र वेगळा धरायला हवा. तिथे पेशीत एपस्टाइन बार व्हायरस असतो, त्याचं एलएमपी१ प्रोटीन बाहेरून कुणी न चेतवताच एनएफ कप्पा बी चालू ठेवतं, त्यामुळे एमवायडी८८ आणि सीडी७९बी ची म्युटेशन तिथे सहसा नसतात.

या सगळ्याचा तपासणीत थेट उपयोग होतो. बायोप्सीआधी स्टिरॉइड दिलं तर लिम्फोमाच्या पेशी भराभर मरतात, स्कॅनवर गाठ विरल्यासारखी दिसते आणि तुकड्यात हाती काही लागत नाही, म्हणून लिम्फोमाची शंका असेल आणि पेशंटची अवस्था परवानगी देत असेल तर स्टिरॉइड थांबवून ठेवतात. पाठीतून काढलेल्या पाण्यात एमवायडी८८ चा तोच एक बदल डीएनएमधून शोधता येतो, गाठ खोल जागी असली आणि सुई घालणं धोक्याचं असलं की हा आधार मोठा असतो.