आडात नाही, तरी पोहऱ्यात

जालन्यात भंगार म्हणजे सळयांच्या भट्ट्यांचा कच्चा माल. अशाच एका ढिगात मागच्या वर्षी मला सन मायक्रोसिस्टिम्स या संगणक कंपनीचं १९९१ सालचं स्पार्कस्टेशन ईएलसी दिसलं. बघायला नुसता काळा-पांढरा मॉनिटर, अख्खा संगणक त्याच्याच पाठीत. दुकानदार म्हणाला, "सर, ह्याच्यात डिस्कच नाई. मुडदा हाय. किलोनं न्या." मी किलोनंच आणलं.

डिस्क नाही म्हणजे संगणक मेला, हा समज त्या दुकानदारापुरता नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असा सगळ्यांचाच सरळ हिशेब असतो. पण या यंत्राच्या पोटात डिस्कला कधी जागाच नव्हती. त्याचा आड दुसऱ्याच्या वाड्यात. याच्याकडे फक्त दोर.

दोर म्हणजे प्रॉम: वीज गेली तरी न पुसणारी चिप आणि तिच्यातला छोटासा प्रोग्राम. तारेवर हाक मारायची आणि येईल ते मेमरीत ओतायचं, एवढंच त्याला येतं.

पहिल्या दिवशी ती हाकही धड निघेना. नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला ४८ बिटांचा स्वतःचा क्रमांक असतो. सननं तो बॅटरीवर जगणाऱ्या एका चिपमध्ये ठेवला होता, आणि बॅटरी चिपच्याच प्लास्टिकमध्ये चिणलेली. ती केव्हाच संपलेली, त्यामुळे क्रमांकाच्या जागी नुसते 'एफ'. नेटवर्कच्या भाषेत त्याचा अर्थ 'सगळेजण'. घरात निदान झालं की यंत्राला नजर लागली, आणि टेबलाला लिंबू-मिरची लटकली. मी कानशीनं चिप घासून आतली टोकं उघडी केली, बाहेरून ३ व्होल्टचा बटण-सेल जोडला आणि क्रमांक पुन्हा लिहिला. लिंबू वाया गेलं नाही, दुपारी सरबत झालं.

आता हाक नीट गेली: "माझा क्रमांक अमुक, माझा पत्ता कुणी सांगेल का?" ही १९८४ सालची आरएआरपी पद्धत. मागच्या खोलीत लिनक्स टाकलेला जुना डेस्कटॉप आहे, तोच माझा सर्व्हर. त्यानं आपल्या यादीत क्रमांक शोधून उत्तर दिलं, १९२.१६८.१.१०. फाइल मागायची तर तिचं नाव हवं, आणि ते प्रॉमला कोण सांगणार? म्हणून तो पत्त्याचंच नाव करतो. चारही आकडे सोळाच्या पायावर लिहायचे, १० ते १५ साठी ए ते एफ ही अक्षरं: १९२ म्हणजे सी०, १६८ म्हणजे ए८, १ म्हणजे ०१, १० म्हणजे ०ए. झालं नाव, 'सी०ए८०१०ए'. मागे यंत्राची जात चिकटवायची, 'सन४सी'. या नावाची फाइल सर्व्हरवर ठेवली की निम्मं काम झालं.

ती फाइल आणणारा टीएफटीपी माझा सगळ्यात लाडका. १९८१ साली त्याचं वर्णन छापलं गेलं, आणि इतका बिनडोक, तरी इतका कामाचा नियम मी दुसरा पाहिला नाही. सर्व्हर ५१२ बाइटांचा एक तुकडा पाठवतो आणि गप्प बसतो. 'पहिला पोचला' अशी पोच आली की दुसरा. पोच नाही आली की थोडं थांबून तोच पुन्हा. ५१२ पेक्षा लहान तुकडा आला की फाइल संपली. मग फाइल बरोबर ५१,२०० बाइटांची असेल तर? शंभर तुकडे पूर्ण भरलेले, म्हणजे संपल्याची खूणच नाही. तेव्हा सर्व्हर १०१वा तुकडा पाठवतो, शून्य बाइटांचा! एवढासा नियम, म्हणून तर तो प्रॉममध्ये मावतो.

या साधेपणात एक खोड होती. समजा तिसरा तुकडा हरवला नाही, नुसता रेंगाळला. सर्व्हरनं वाट पाहून तो पुन्हा पाठवला. आता दोन्ही पोचले, म्हणून दोन पोचा निघाल्या. सर्व्हरनं प्रत्येक पोचेला इमानदारीनं चौथा तुकडा पाठवला, म्हणजे चौथाही दोनदा, त्याच्याही दोन पोचा, आणि फाइल संपेपर्यंत प्रत्येक तुकडा दुहेरी. चूक कुणाचीच दिसत नाही, काम मात्र दुप्पट. १९८९ साली उपाय लिहिला गेला: तीच पोच दुसऱ्यांदा आली तर सर्व्हरनं तुकडा पाठवायचाच नाही. पोच हरवलीच तर वेळ संपल्यावर तो पुन्हा पाठवेलच.

पुढचं झटपट उरकतो. टीएफटीपीनं आणलेली फाइल म्हणजे यंत्र सुरू करणारा बूट प्रोग्राम. तो पुन्हा आपला पत्ता विचारतो, बूटपॅराम्स या सर्व्हरवरच्या सेवेकडून मूळ डिरेक्टरी कुठे ते ऐकतो, ती एनएफएसनं, म्हणजे दुसऱ्या यंत्रावरच्या फाइली तारेवरून आपल्याच असल्यासारख्या वापरायच्या पद्धतीनं, जोडतो आणि नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, उचलतो. त्यानंतरची प्रत्येक फाइल मागच्या खोलीतून येते. याच जातीची गोष्ट हल्ली 'थिन क्लायंट' म्हणून चकचकीत माहितीपत्रकात क्रांतीच्या नावानं विकली जाते. विकणाऱ्यानं एकदा माझ्याकडे येऊन जावं.

परवा संध्याकाळी लाईट गेली. स्पार्कस्टेशन इन्व्हर्टरवर, सर्व्हर नाही. मी नुकतीच एक फाइल सेव्ह करायला सांगितली होती. पडदा गोठला, फक्त एक ओळ आली: सर्व्हर उत्तर देत नाही. या जुन्या एनएफएसची प्रत्येक मागणी आपली सगळी माहिती सोबत घेऊन फिरते. मागं काय झालं ते सर्व्हरला आठवावं लागत नाही, म्हणून यंत्र तीच मागणी पुन्हा पुन्हा करत राहतं. पाऊण तासानं लाईट आली. डेस्कटॉप पहिल्यापासून सुरू झाला, आणि पडद्यावर दुसरी ओळ उमटली: सर्व्हर पुन्हा जिवंत. फाइल सेव्ह झाली होती. मी कळफलकाला हातही लावला नव्हता.