क्लॅमिडियाची लस अजून का नाही : शंभर वर्षांच्या शोधाची पार्श्वभूमी

गडचिरोली जिल्ह्यातल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी राणी बंग, अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. तिचे निष्कर्ष १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार यांपैकी किमान एक होता, दर बाईमागे सरासरी ३.६ आजार होते आणि त्यातला निम्मा भार जननमार्गाच्या जंतुसंसर्गाचा होता. त्याआधी तपासणी आणि उपचार झालेल्या बायका जेमतेम ८ टक्के. या आकड्यांची तेव्हा खूप चर्चा झाली. आपल्या विषयापुरता मात्र त्याच अहवालातला दुसरा आकडा जास्त मोलाचा आहे : ४५ टक्के बायकांची कसलीच तक्रार नव्हती.

तक्रार न होऊ देणाऱ्या जंतूंमध्ये क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस या लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या जंतूचा नंबर बराच वरचा. लागण झालेल्या दहा बायकांपैकी सात-आठ जणींना काहीच जाणवत नाही. पुरुषांतही निम्म्यांच्या आसपास तीच गत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात १५ ते ४९ वयोगटात जगभर सुमारे १२.९ कोटी नव्या लागणी झाल्या. उपचार न मिळालेल्या बायकांपैकी साधारण १० ते १५ टक्के जणींमध्ये जंतू गर्भाशयमुखावरून वर चढतो आणि ओटीपोटात दाह होतो. गर्भनलिका आतून चिकटतात. पुढे मूल राहत नाही, किंवा गर्भ नलिकेतच रुजतो आणि जिवावर बेततं. नलिका बंद झाल्याचं कळतं ते लग्नाला चार-पाच वर्षं उलटल्यावर, आणि तोवर जंतू निघूनही गेलेला असतो.

किट कुठे कमी पडते

सरकारी व्यवस्था लक्षणांवर चालते. जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांतल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये रंगीत किट मिळतात. गर्भाशयमुखाच्या दाहासाठीच्या राखाडी किटमध्ये ॲझिथ्रोमायसिन १ ग्रॅम आणि सेफिक्झिम ४०० मिलिग्रॅम, एकाच वेळी घ्यायचं. योनीमार्गाच्या दाहासाठीच्या हिरव्या किटमध्ये सेक्निडॅझोल २ ग्रॅम आणि फ्लुकोनॅझोल १५० मिलिग्रॅम. ओटीपोट दुखत असेल तर पिवळी. तिच्यात इतर औषधांसोबत डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, १४ दिवस. घोटाळा होतो तो राखाडी आणि हिरव्यामध्ये. धुपणी आहे, अंगावरून पांढरं जातं, एवढंच बाई सांगते. स्पेक्युलम (योनीमार्ग उघडून पाहायचं उपकरण) लावून गर्भाशयमुख पाहिलंच नाही तर तिच्या हाती हिरवी किट पडते, आणि त्यातल्या दोन्ही औषधांचा क्लॅमिडियावर काहीही परिणाम होत नाही. पांढरं जाणं मात्र कमी होतं, कारण त्यामागचा दुसरा जंतू किंवा बुरशी मरते. बाई बरी झाले म्हणून परत येत नाही. स्पेक्युलम लावायचा तर निर्जंतुक केलेलं साहित्य, पुरेसा उजेड, आडोसा आणि स्त्री कर्मचारी हे चारही एकाच वेळी हवेत. ग्रामीण रुग्णालयाच्या गर्दीच्या ओपीडीत नेमकं यातलं एखादं कमी असतं.

दुसरी गळती नवऱ्याच्या बाजूने. तो मिरची तोडायला तेलंगणात गेलेला असेल तर त्याचा डोस राहून जातो आणि परतल्यावर लागण पुन्हा होते. दोघांचा उपचार एकाच वेळी झाला आणि त्यानंतर सात दिवस संबंध टाळले, तरच ती साखळी तुटते.

नक्की निदान करायचं तर जंतूच्या जनुकांचा शोध घेणारी चाचणी लागते. बाईने स्वतः घेतलेला योनीमार्गाचा स्वॅब लघवीपेक्षा सरस ठरतो. पुरुषाची लघवी घ्यायची तर आधी किमान तासभर लघवी केलेली नसावी आणि धारेचा अगदी पहिला भाग, २० ते ३० मिलिलिटर, घ्यावा. भांडं भरून मधली धार दिली की जंतू पातळ होतो आणि चाचणी खोटी 'निगेटिव्ह' येते. उपचारानंतर चार आठवड्यांच्या आत पुन्हा चाचणी केली तर मेलेल्या जंतूचा डीएनए सापडून खोटी 'पॉझिटिव्ह' येऊ शकते. ती तीन महिन्यांनी करणं बरं. टीबीसाठी जे सीबीनॅट यंत्र वापरतात त्यावरही ही तपासणी होते. काडतूस वेगळं लागतं, वेळ सुमारे दीड तास.

खुपऱ्यांपासून सुरुवात

जंतूची पहिली ओळख डोळ्यातून झाली. १९०७ मध्ये हाल्बरश्टेटर आणि फॉन प्रोवाझेक यांनी जावामध्ये खुपऱ्या झालेल्या डोळ्यांतला खरवड ओरांगउटानच्या डोळ्यात लावला आणि त्या पेशींमध्ये केंद्रकाला टेकून बसलेले गोळे पाहिले. जंतू कृत्रिम खाद्यावर वाढेना, म्हणून पुढची पन्नासेक वर्षं त्याला विषाणूच समजलं गेलं. तो वेगळा काढता आला बीजिंगमध्ये. तांग फेइफान यांच्या गटाने कोंबडीच्या अंड्यातल्या बलकाच्या पिशवीत तो वाढवला आणि १९५७ मध्ये ते प्रसिद्ध केलं. त्यांची खुबी प्रतिजैविकाच्या निवडीत होती. डोळ्यातले इतर जंतू मारायला आधीचे संशोधक पेनिसिलिन वापरत, आणि पेनिसिलिन क्लॅमिडियालाही दाबून टाकतं. तांग यांनी स्ट्रेप्टोमायसिनवर भर दिला. खात्री पटावी म्हणून त्यांनी हा जंतू स्वतःच्या डोळ्यातही घालून घेतला.

१९५९ मध्ये लंडनच्या जोन्स, कॉलियर आणि स्मिथ यांना डोळे आलेल्या नवजात बाळाच्या आईच्या गर्भाशयमुखात हाच जंतू सापडला. तिथून हा केवळ डोळ्यांचा आजार राहिला नाही. ए ते सी हे प्रकार खुपऱ्यांचे, डी ते के जननमार्गाचे, आणि एल१ ते एल३ जांघेतल्या गाठींच्या आजाराचे, अशी विभागणी पुढे पक्की झाली. भारतात खुपऱ्यांविरुद्ध १९५६ मध्ये पथदर्शी प्रकल्प आणि १९६३ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून त्यांचं भारतातून उच्चाटन झाल्याला जागतिक आरोग्य संघटनेने मान्यता दिली. त्या यशात लसीचा वाटा शून्य आहे. ते प्रतिजैविकं, पाणी आणि स्वच्छता यांचं श्रेय.

पेशीच्या आतला बहात्तर तासांचा मुक्काम

हा जंतू दोन रूपांत जगतो. बाहेर फिरणारं रूप जेमतेम ०.३ मायक्रोमीटरचं, कडक कवचाचं; ते लागण करतं, पण वाढत नाही. पेशीत शिरल्यावर सहा-आठ तासांत ते सुमारे १ मायक्रोमीटरचं मऊ रूप घेतं. हे वाढतं, पण बाहेर काढलं तर लागण करू शकत नाही. पटलाच्या एका पिशवीत राहून ते दुभंगत जातं, पेशीच्या पचनयंत्रणेला त्या पिशवीजवळ येऊ देत नाही, आणि साधारण एका दिवसानंतर पुन्हा कडक रूपाकडे वळू लागतं. ४८ ते ७२ तासांत पेशी फुटते, किंवा जंतूंनी भरलेली पिशवी तशीच बाहेर ढकलली जाते.

प्रयोगशाळेत हे पाहायचं तर मॅकॉय नावाच्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींचा थर लागतो. नमुना नुसता ओतून भागत नाही. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून जंतू पेशींवर दाबावा लागतो, आणि पेशींची स्वतःची वाढ रोखायला सायक्लोहेक्झिमाइड हे रसायन घालतात. स्वॅबची काडी लाकडी असेल तर तिच्यातले पदार्थच पेशींना मारक ठरू शकतात. नमुना तासन्‌तास उन्हात राहिला तर जंतू मरतो आणि थर स्वच्छ दिसतो. त्या स्वच्छतेला 'लागण नाही' असं वाचणं ही जुन्या सर्वेक्षणांतली नेहमीची चूक. विदर्भाच्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांवर असताना, तालुक्याहून नागपूरला बर्फाशिवाय पाठवलेल्या अशा नमुन्याला काही अर्थ नसतो.

जेम्स मोल्डर या संशोधकांनी १९६० च्या दशकात हा जीवाणूच असल्याचं ठामपणे मांडलं. १९९८ मध्ये डी प्रकाराचा जनुकसंच वाचून झाला : डीएनएची सुमारे १०.४ लाख अक्षरं आणि ९०० च्या आसपास प्रथिनं. आतड्यातल्या ई. कोलाय जीवाणूच्या चौथाईपेक्षाही कमी. मात्र जनुकांत बदल करून पाहण्याची भरवशाची पद्धत २०११ पर्यंत नव्हती. इतर जीवाणूंवर जे काम १९८० च्या दशकात उरकलं, ते इथे तीस वर्षं अडून राहिलं. लस लांबण्याच्या कारणांत हे कारण फार कमी वेळा सांगितलं जातं.

पहिल्या लसी आणि त्यांनी घातलेली धास्ती

तांग यांच्या शोधानंतर लगेच लसीची घाई सुरू झाली. अंड्यात वाढवून मारलेला अख्खा जंतू टोचायचा, ही तेव्हाची सरधोपट पद्धत. तैवान, सौदी अरेबिया, गांबिया आणि आपल्याकडे पंजाबातल्या गावांतल्या मुलांवर १९६० च्या दशकात चाचण्या झाल्या. संरक्षण मिळालं ते अर्धवट आणि थोडे दिवस. त्याहून गंभीर बाब माकडांमध्ये दिसली : लस टोचलेल्या काही माकडांना पुढे वेगळ्या प्रकाराची लागण केली तर आजार जास्त तीव्र झाला. या एका निरीक्षणाने अख्ख्या जंतूच्या लसीची वाट बंद केली. माणसांतल्या चाचण्या नंतर पुन्हा तपासल्या तेव्हा लसीमुळे आजार बळावल्याचा भक्कम पुरावा दिसला नाही. तरी धास्ती टिकली, आणि तिचा परिणाम पुढच्या सगळ्या संशोधनावर झाला.

धास्ती निराधार नव्हती. गर्भनलिका बंद होते ती मुख्यतः शरीराच्या स्वतःच्या दाहामुळे. त्यामुळे लसीने प्रतिकारशक्ती नुसती वाढवून चालत नाही, नेमकी कोणती शाखा वाढवायची ते ठरवावं लागतं. उत्तराचा मोठा भाग सीडी४ टी-पेशींकडे (संरक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) आणि त्यांच्या गॅमा इंटरफेरॉन या संदेशवाहक प्रथिनाकडे जातो. माणसाच्या पेशीत हा इंटरफेरॉन ट्रिप्टोफॅन हे जंतूला लागणारं अमिनो आम्ल संपवणारं एन्झाइम सुरू करतो आणि जंतूची उपासमार होते. पण उपासमारीने जंतू मरतोच असं नाही. तो वाढ थांबवून फुगलेल्या रूपात पडून राहतो आणि ट्रिप्टोफॅन मिळताच पुन्हा उठतो. जननमार्गातल्या प्रकारांकडे आणखी एक पळवाट आहे. इंडोल या साध्या रसायनापासून स्वतः ट्रिप्टोफॅन बनवण्याची जनुकं त्यांच्याकडे शाबूत आहेत, खुपऱ्यांच्या प्रकारांकडे ती बिघडलेली आहेत. इंडोल पुरवतात ते योनीमार्गात बेसुमार वाढलेले दुसरे जीवाणू, म्हणजे धुपणीमागचं एक नेहमीचं कारण. ज्या बाईला हिरवी किट मिळते, तिच्याच शरीरात क्लॅमिडियाला रसद मिळण्याची शक्यता जास्त.

उंदरांवरचे निकाल माणसांत उतरत नाहीत तेही इथेच. उंदराची पेशी ट्रिप्टोफॅन तोडण्यापेक्षा वेगळीच प्रथिनं वापरून जंतूची पिशवी फोडते. शिवाय बहुतेक प्रयोग उंदरांच्या स्वतःच्या क्लॅमिडिया म्युरिडारमवर झाले. उंदरात १०० टक्के यश आणि पुढे शांतता, असं म्हणूनच होत राहिलं.

माणसात नैसर्गिक प्रतिकारशक्ती तयार होते, पण सावकाश. उपचार न झालेल्यांपैकी सुमारे निम्म्यांची लागण वर्षभरात आपोआप जाते. रॉबर्ट ब्रनहॅम या संशोधकांनी कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाच्या आकड्यांवरून असं मांडलं की तपासणी आणि उपचार लवकर होऊ लागल्यावर लोकांची प्रतिकारशक्ती घडायला वेळच मिळाला नाही आणि पुनर्लागण वाढली. हे गृहीतक वादग्रस्त आहे. त्यातून उपचार टाळावा असं अजिबात निघत नाही, केवळ उपचारांवर साथ आटोक्यात येणार नाही एवढं निघतं.

आताचे उमेदवार

२०१५ मध्ये स्टारी आणि सहकाऱ्यांनी उंदरांत दाखवलं की अतिनील किरणांनी मारलेला जंतू नुसता दिला तर पुढची लागण जास्त वाढते, पण तोच विशिष्ट नॅनोकणांना जोडून श्लेष्मल त्वचेवर दिला तर गर्भाशयात मुक्कामी राहणाऱ्या स्मृतिपेशी तयार होतात आणि संरक्षण मिळतं. १९६० च्या दशकातल्या कोड्याचं हे आतापर्यंतचं सर्वांत पटणारं उत्तर.

माणसांतली पहिली जननमार्गाची लस म्हणजे डेन्मार्कच्या स्टेटन्स सीरम इन्स्टिट्यूटची सीटीएच५२२. जंतूच्या बाह्य पटलातल्या मुख्य प्रथिनावर ती बेतलेली आहे. डी, ई, एफ आणि जी या प्रकारांचे बदलते तुकडे एकत्र शिवलेले आहेत. लंडनमध्ये ३५ स्त्रियांवर झालेली पहिली चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. दंडात ८५ मायक्रोग्रॅमची तीन इंजेक्शनं, मग नाकातून दोन डोस. लस घेतलेल्या सर्वांमध्ये प्रतिपिंडं आली. लिपोसोम (चरबीचे सूक्ष्म फुगे) असलेल्या सीएएफ०१ या प्रतिसाद वाढवणाऱ्या सहायकासोबत ती ॲल्युमिनियमच्या सहायकापेक्षा जोरकस होती. लागण टळते का, हे त्या चाचणीने तपासलं नाही. मार्च २०२५ मध्ये सानोफीच्या एमआरएनए लसीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 'फास्ट ट्रॅक' म्हणजे जलद मार्गाचा दर्जा दिला; ही वापराची मान्यता नव्हे. तीही अजून प्राथमिक टप्प्यात.

जनावरांत मात्र वाट आधीच मोकळी झाली. क्लॅमिडिया अबॉर्टसमुळे मेंढ्या-शेळ्या गाभणकाळाच्या शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत गाभडतात. युरोपात त्यावर दुर्बळ केलेल्या जिवंत जंतूची लस बरीच वर्षं वापरात आहे. ती माजावर येण्याच्या किमान चार आठवडे आधी टोचतात, गाभण जनावराला नाही. लसीचाच जंतू काही गाभडलेल्या मेंढ्यांच्या वारेत सापडला आहे, म्हणून ती निर्धोक म्हणता येत नाही. शेळी गाभडली तर वार उघड्या हाताने उचलू नये आणि गरोदर बाईने तर गोठ्यात जाऊच नये. वार चुना टाकून खोल पुरावी. ऑस्ट्रेलियात कोआलांसाठीच्या एका डोसच्या लसीला २०२५ मध्ये मान्यता मिळाली.

माणसांच्या लसीची पुढची अडचण मोजमापाची आहे. खरा हेतू गर्भनलिका वाचवण्याचा, पण नलिका बंद झाल्या का ते वर्षांनी कळतं. आणि चाचणीत लागण सापडली की लगेच उपचार द्यावाच लागतो, म्हणजे पुढचं नुकसान पाहण्याचा प्रश्नच उरत नाही. हाती राहतं ते एकच माप : दर काही महिन्यांनी स्वॅब घेऊन लागण मोजणं. विदर्भातल्या गावांत अशी चाचणी करायची तर ज्यांची काही तक्रार नाही अशा शेकडो बायकांनी, वर्षातून कितीतरी वेळा, आशाताईंच्या हाती स्वतःचा स्वॅब द्यायला हवा. तोही कापूस वेचणीच्या हंगामात. लस साठवायला प्राथमिक आरोग्य केंद्रातला आइस-लाइन्ड रेफ्रिजरेटर २ ते ८ अंशांना पुरतो, पण लिपोसोम आणि ॲल्युमिनियमच्या दोन्ही लसी गोठल्या की वाया जातात, आणि एमआरएनएला बहुधा त्याहून थंड साठवण लागेल.