केल्मस्कॉट प्रेस

सुबक सचित्र ग्रंथांसाठी ख्यातनाम असलेली इंग्रज मुद्रण-प्रकाशनसंस्था (१८९१–९८). कवी, समाजवादी व आकृतिबंधकार विल्यम मॉरिस याने ती लंडनच्या हॅमरस्मिथ भागात थेम्सकाठी काढली. नाव ऑक्सफर्डशरमधील त्याच्या केल्मस्कॉट मॅनर या जुन्या घराचे.

तिचा उगम मुद्रणतज्ज्ञ एमरी वॉकर याच्या १५ नोव्हेंबर १८८८ च्या व्याख्यानात मानण्याचा प्रघात आहे. वॉकरने त्यात जुन्या मुद्रितांची अक्षरे पडद्यावर मोठी करून दाखविली होती. तथापि १८६० नंतरच्या दशकातच मॉरिसने चित्रकार बर्न-जोन्सच्या साथीने स्वतःचे काव्य सचित्र छापण्याचा बेत आखून लाकडी ठसे कोरले होते. तो बेत तडीस गेला नाही; पण व्याख्यान हे निमित्त आणि ओढ जुनी, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल.

संस्थेच्या ‘गोल्डन’ या पहिल्या टंकाचा (छपाईच्या अक्षरसंचाचा) आदर्श म्हणून बहुधा पंधराव्या शतकातील मुद्रक निकोलस जेन्सनचेच नाव घेतले जाते. ते अपुरे आहे. मॉरिसपुढे व्हेनिसमध्ये १४७६ साली निघालेले दोन ग्रंथ होते : जेन्सनने छापलेला रोमन लेखक प्लिनीचा ग्रंथ आणि जेकोबस रुबियसने छापलेला फ्लॉरेन्सचा इतिहास. त्यांच्या पानांची छायाचित्रे मोठी करून त्यांवरून अक्षरांची वळणे त्याने पुनःपुन्हा गिरविली, मग स्वतंत्रपणे रेखाटली. म्हणूनच गोल्डन दोन्ही नमुन्यांपेक्षा ठळक आहे. अक्षरांचे पोलादी ठसे एडवर्ड प्रिन्स या कारागिराने कापले. ‘ट्रॉय’ व ‘चॉसर’ हे पुढचे टंक गॉथिक, म्हणजे मध्ययुगीन हस्तलिखितांतल्या जाड, टोकदार वळणाचे. चॉसर म्हणजे लहान आकारातला ट्रॉय.

कागद केंटमधील कागदनिर्माता बॅचलर याचा, तागाच्या चिंध्यांपासून हाताने केलेला, शाई हॅनोव्हरची, छपाई हातयंत्रावर. समोरासमोरची दोन पाने मॉरिस एकच मानी. आतला समास सर्वांत अरुंद. वरचा, बाहेरचा व खालचा क्रमाने रुंद.

मध्ययुगीन इंग्रज कवी चॉसर याच्या साहित्याची आवृत्ती (१८९६) ही संस्थेची सर्वोत्तम कृती होय. तीत बर्न-जोन्सची ८७ चित्रे आहेत. त्याची पेन्सिलीची नाजूक रेखाटने चित्रकार कॅटरसन-स्मिथने शाईत ठाशीव केली, ती छायाचित्रणाने लाकडावर उतरविली आणि काष्ठकोरक हूपरने कोरली. कागदावर ४२५ व चर्मपत्रावर १३ प्रती निघाल्या. कागदी प्रतीची किंमत २० पौंड होती. कारागिराच्या श्रमाला मान मागणाऱ्या मॉरिसचे ग्रंथ त्या कारागिराला परवडणारे नव्हते.

३ ऑक्टोबर १८९६ रोजी मॉरिस वारला. हाती असलेली कामे संस्थेचा सचिव सिडनी कॉकरेल याने पुरी करून १८९८ मध्ये संस्था बंद केली. पन्नासांहून थोडे अधिक ग्रंथ निघाले. गणनेच्या पद्धतीनुसार ५२ वा ५३ हे आकडे आढळतात. अलंकरणाचे लाकडी ठसे ब्रिटिश म्युझियमकडे सोपविण्यात आले.