१३ ते ३१: एरिन फिलिप्सच्या कारकिर्दीची पार्श्वभूमी

एरिन फिलिप्स ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधली (अंडाकृती चेंडूचा, हात आणि पाय दोन्ही वापरून खेळायचा ऑस्ट्रेलियाचा खेळ) पहिली मोठी व्यावसायिक लढत खेळली, तेव्हा ती ३१ वर्षांची होती. हा खेळ मात्र तिच्या घरातलाच. वडील ग्रेग फिलिप्स यांनी पोर्ट ॲडलेड क्लबकडून ८ विजेतेपदं जिंकली होती. एरिन मुलांच्या संघात खेळायची, पण १३व्या वर्षी ते थांबलं. त्या वयानंतर मुलींना मुलांबरोबर खेळता येत नसे आणि पुढे पोटापाण्याला पुरेल अशी महिलांची लीग नव्हती. व्हिक्टोरिया राज्यात १९८१पासून महिलांची लीग होती, पण ती हौशी.

मग बास्केटबॉल. बीजिंग ऑलिंपिकमध्ये (२००८) रौप्य, अमेरिकेच्या डब्ल्यूएनबीए या महिलांच्या व्यावसायिक लीगमध्ये इंडियाना (२०१२) आणि फिनिक्स (२०१४) संघांबरोबर विजेतेपद. याला पर्यायी करिअर म्हणणं धाडसाचंच!

ऑस्ट्रेलियन फुटबॉलची महिलांची राष्ट्रीय लीग २०२०मध्ये आणायचा बेत होता. प्रदर्शनीय सामन्यांना मिळणारा प्रतिसाद पाहून ती २०१७मध्येच ८ संघांनिशी सुरू झाली. मैदानात प्रत्येक संघाचे पुरुषांत १८, तर महिलांत १६ खेळाडू. चेंडूही थोडा लहान. पहिल्या मोसमाचं मानधन मार्की (संघाच्या आघाडीच्या) खेळाडूला २७,००० ऑस्ट्रेलियन डॉलर, बहुतेकींना ८,५००. म्हणजे नोकरी सांभाळून सराव.

बास्केटबॉलमधून काय कामी आलं? उंच आलेल्या चेंडूखाली नेमक्या क्षणी पोहोचणं, गर्दीत अंग वळवून वाट काढणं, हातांची पकड. काय येत नाही? लाथ. अंडाकृती चेंडू उभा धरून, टोक खाली ठेवून सोडायचा आणि बुटाच्या वरच्या भागाने मारायचा, म्हणजे तो उलट्या गिरक्या घेत सरळ जातो. सोडताना जरा कलला, की भरकटतो. १५ मीटर किंवा जास्त अंतरावरून आलेला असा चेंडू साथीदाराने हवेत झेलला, की तिला बिनअडथळा किक मिळते. म्हणून किकची अचूकता इथे सोन्याच्या मोलाची. दुसऱ्या खेळांतून आलेल्या अनेकींचं घोडं इथेच अडतं. एरिनची ही बैठक मात्र १३व्या वर्षाच्या आधीच पक्की झाली होती.

पहिल्याच मोसमात एरिनच्या ॲडलेड संघाने ब्रिस्बेनला ३५-२९ असं हरवून विजेतेपद घेतलं. अंतिम सामन्याची आणि मोसमाचीही सर्वोत्तम खेळाडू एरिनच. ३१ मार्च २०१९ला ॲडलेड ओव्हलवर कार्ल्टनविरुद्धचा अंतिम सामना पाहायला ५३,०३४ लोक आले. (भारताचा डाव ३६ धावांत आटोपला, तेच हे मैदान.) तिसऱ्या क्वार्टरमध्ये एरिनच्या गुडघ्यातला एसीएल फाटला. स्ट्रेचरवरून जाताना अख्खं मैदान उभं राहून टाळ्या वाजवत होतं. ॲडलेड ६३-१८ने जिंकलं आणि सामन्याचा पुरस्कार पुन्हा तिलाच मिळाला.

एसीएल हा मांडीचं आणि नडगीचं हाड एकमेकांना धरून ठेवणारा अस्थिबंध. पाय जमिनीत रुतलेला असताना शरीर वळलं किंवा उडीनंतर गुडघा आत झुकला, की तो तुटतो; धक्का लागायलाच हवा असं नाही. शस्त्रक्रियेत सहसा रुग्णाच्याच मांडीमागचा किंवा वाटीखालचा स्नायुबंध काढून तिथे बसवतात. मैदानावर परतायला ९ ते १२ महिने धरायचे. महिला खेळाडूंमध्ये ही दुखापत पुरुषांपेक्षा जास्त आढळते.

एरिन परतली. एप्रिल २०२२मध्ये ॲडलेडबरोबर तिसरं विजेतेपद जिंकलं. त्याच वर्षी लीग १८ संघांची झाली, पोर्ट ॲडलेडचा महिला संघ उभा राहिला आणि ती त्याची पहिली कर्णधार झाली. वडिलांच्या क्लबची जर्सी अंगावर चढली, तेव्हा वय होतं ३७. २०२३च्या मोसमानंतर ती निवृत्त झाली.