वकिलीची सनद: अर्ज कुठे अडतो आणि सनद मिळाल्यावर काय सांभाळायचं

एलएल.बी.चा निकाल लागला की पेढे वाटले जातात आणि महिन्याभरात तीच मुलं बार रूममध्ये माझ्या टेबलाशी येतात, हातात त्रुटीचं पत्र घेऊन. अर्ज परत आलेला असतो. बहुतेकांची पात्रता पूर्ण असते. अडतं ते एका कागदाचा दुसऱ्याशी मेळ लागत नाही म्हणून, किंवा विचारलेली गोष्ट सांगितली नाही म्हणून. गेली काही वर्षं हे अर्ज तपासून देतो आहे, त्यामुळे कुठे अडतं ते आता पाठ झालं आहे.

नेहमीचं आधी उरकतो. महाराष्ट्र, गोवा, दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव इथे वकिली करायची तर नोंदणी बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे होते. कायदा अधिवक्ता अधिनियम, १९६१ आणि पात्रता त्याच्या कलम २४ मध्ये: भारताचे नागरिकत्व, वय २१ पूर्ण, आणि बार कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता असलेली कायद्याची पदवी. वयाला वरची मर्यादा नाही. पंचेचाळीशीनंतर नोंदणी नाही असा नियम एकेकाळी केला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये रद्द केला. निवृत्तीनंतर सनद घ्यायची इच्छा असलेल्या शिक्षकांनी, तलाठ्यांनी, बँकेतल्या मंडळींनी कुणाच्या सांगण्यावरून हा विचार सोडू नये. दहावी-बारावी-पदवी-एलएल.बी.च्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र, ओळख आणि पत्त्याचे पुरावे, चारित्र्याचे दाखले, प्रतिज्ञापत्र, फोटो ही यादी अर्जासोबतच मिळते. ताजा नमुना कौन्सिलच्या संकेतस्थळावरूनच घ्या. झेरॉक्सच्या दुकानात दोन वर्षांपूर्वीचा फॉर्म मिळतो आणि तो भरून पाठवणारे दर खेपेला भेटतात.

नाव

सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते नावावर. आपल्याकडे बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर आधी नाव. विद्यापीठाच्या पदवीवर कधी आईचंही नाव. क्रम बदलला म्हणून सहसा कुणी अडवत नाही. अडवतात ते अक्षर बदललं म्हणून. वडिलांचं नाव दहावीला ‘ज्ञानोबा’, पदवीला ‘ज्ञानदेव’. एका कागदावर ‘रामराव’, दुसऱ्यावर नुसतं ‘राम’. इंग्रजीत विश्वनाथ लिहिताना शाळेच्या लिपिकाने ‘डब्ल्यू’ घातला आणि कॉलेजच्या लिपिकाने ‘व्ही’. गावात सगळ्यांना माहीत असतं की माणूस एकच आहे. छाननी करणाऱ्याला ते माहीत असण्याचं कारण नाही.

म्हणून अर्ज लिहायला घेण्याआधी एक काम करा. सगळे कागद सतरंजीवर ओळीने मांडा, दहावीपासून आधारपर्यंत, आणि पेन्सिलने प्रत्येक कागदावरच्या नावाखाली रेघ ओढा, अर्थातच झेरॉक्सवर. गेल्या वर्षी एका मुलीचे कागद असे मांडले तेव्हा नऊ कागदांवर तिचं नाव चार प्रकारे निघालं. ती रडकुंडीला आली होती. खरं तर काम अवघड नव्हतं. स्पेलिंगचे दोन फरक ‘या सर्व नावांची व्यक्ती एकच’ अशा प्रतिज्ञापत्राने मिटले. एलएल.बी.च्या गुणपत्रिकेतली चूक मात्र विद्यापीठाकडूनच दुरुस्त करून घ्यावी लागली, आणि तिथेच सहा आठवडे गेले, कारण एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर पाठवण्यापलीकडे कुणी काही सांगतच नव्हतं. चूक विद्यापीठाची आणि फेऱ्या मुलीच्या, याचा मला आजही राग येतो. म्हणून सांगतो, शेवटच्या वर्षात असतानाच गुणपत्रिका तपासा. तोवर कॉलेजचं कार्यालय तुमचं असतं, निकालानंतर तुम्ही बाहेरचे होता.

लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींचा प्रश्न वेगळा. विवाह नोंदणीचा दाखला लावला म्हणजे झालं, असं समजू नका. नव्या नावाने सनद हवी असेल तर राजपत्रात नाव प्रसिद्ध झालेलं असावं. महाराष्ट्रात त्यासाठी शासकीय मुद्रण विभागाकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. गोव्यात नाव बदलण्याचा १९९० चा स्वतंत्र कायदा आहे आणि तिथली वाट निराळी, त्यामुळे पणजी-मडगावच्या अर्जदारांनी महाराष्ट्रातल्या मैत्रिणीचा फॉर्म उतरवून घेऊ नये. माझं स्वतःचं मत विचाराल तर पदवीवर जे नाव आहे त्याच नावाने सनद घ्या. एलएल.बी.ची पदवी, सनद आणि पुढे एआयबीईचं (अखिल भारतीय बार परीक्षेचं) प्रमाणपत्र या तिन्हींवर एकच नाव असलं की आयुष्यभराची कटकट वाचते.

नोकरी

दुसरा मोठा अडथळा नोकरीचा. संध्याकाळच्या कॉलेजात शिकणाऱ्यांत निम्मे नोकरदार असतात. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ४९ प्रमाणे वकिली करणाऱ्याला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. सरकारी, खासगी, संस्था, कंपनी, काहीही असो. ‘आधी सनद काढून ठेवतो, नोकरीचं नंतर बघू’ असं म्हणणारे खूप. त्यांना कळकळीने सांगतो, असं करू नका. अर्जात नोकरीचा रकाना असतो आणि तिथे ‘नाही’ लिहून प्रतिज्ञापत्रावर सही केली की ते खोटं प्रतिज्ञापत्र होतं. कलम २६ मध्ये स्पष्ट तरतूद आहे: महत्त्वाच्या बाबतीत खोटी माहिती देऊन नाव वकिलांच्या पटावर (यादीत) आणलं असेल तर बार कौन्सिल ऑफ इंडिया ते काढून टाकू शकते. भविष्य निर्वाह निधीचा उतारा काढायला आज दोन मिनिटं लागतात.

नोकरी सोडली असेल तर नुसतं राजीनाम्याचं पत्र जोडू नका. तुम्ही दिलेलं पत्र हा पुरावा नव्हे. राजीनामा मंजूर झाल्याचं पत्र किंवा कार्यमुक्तीचा आदेश लागतो. निवृत्तांनी निवृत्तीचा आदेश लावावा. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना हा आदेश हाती यायला फार वेळ लागतो, तेव्हा राजीनामा देतानाच त्याची मागणी लेखी करून पोच घेऊन ठेवा.

दुसरा व्यवसाय असणाऱ्यांसाठी आपल्याच कौन्सिलचं एक प्रकरण मार्गदर्शक आहे. मुंबईतल्या एका सर्जननी डॉक्टरकी चालू ठेवून सनद मागितली. हनिराज चुलानी विरुद्ध बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा या १९९६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कौन्सिलची बाजू उचलून धरली. दोन्ही व्यवसाय पूर्ण लक्ष मागणारे आहेत, हे त्यामागचं कारण. डॉक्टर, सी.ए. मंडळींनी हे आधी ध्यानात घ्यावं. मात्र सगळ्याच उत्पन्नाला बंदी नाही. कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवणं, कायद्याच्या पुस्तकांचं संपादन, व्याख्यानं अशा काही कामांना नियम ५१ मध्ये मुभा आहे. कायदा शिकवायचा तर दिवसाला तीन तासांपर्यंत.

गुन्हा, गॅप आणि मुक्त विद्यापीठ

‘माझ्यावर आंदोलनातली केस आहे, सनद मिळेल का?’ हा प्रश्न मुलं आवाज खाली करून विचारतात. कलम २४-क वाचा. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेली असेल, अस्पृश्यतेविरुद्धच्या १९५५ च्या कायद्याखाली दोषी ठरला असाल, किंवा अशाच आरोपावरून सरकारी नोकरीतून काढलं असेल तर अडचण आहे, आणि तीही सुटका किंवा बडतर्फी झाल्यावर दोन वर्षांनी संपते. गुन्हा नोंद होणं म्हणजे शिक्षा होणं नव्हे. पण ती केस लपवणं हा मात्र स्वतंत्र दोष होतो. केस क्रमांक, न्यायालय आणि सद्यस्थिती लिहा, एफआयआरची आणि निकाल लागला असल्यास निकालाची प्रमाणित प्रत जोडा. वेळ लागेल, चौकशी होईल, पण लिहिलेल्या केसपेक्षा लपवलेल्या केसने जास्त मुलांचं नुकसान झालेलं मी पाहिलं आहे.

पदवी आणि अर्ज यांत दोन-चार वर्षांचं अंतर असेल तर त्या काळात काय करत होतो याचं प्रतिज्ञापत्र द्या. ‘घरी होतो’, ‘शेती बघत होतो’, ‘स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होतो’ ही सगळी सन्माननीय उत्तरं आहेत. रकाना कोरा ठेवला की शंका येते.

मुक्त विद्यापीठाचा मुद्दा नाजूक आहे. बारावी न करता पूर्वतयारी परीक्षेवरून मुक्त विद्यापीठात प्रवेश घेऊन पदवी मिळवलेले कितीतरी जण महाराष्ट्रात आहेत. कायदा शिक्षण नियम, २००८ मधला नियम ५ सांगतो की मूळ पात्रता नसताना थेट मुक्त पद्धतीने मिळवलेल्या पदवीवर कायद्याच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळत नाही. हे खरं तर एलएल.बी.च्या प्रवेशाच्या वेळीच कॉलेजने सांगायला हवं. फी घेताना कुणी सांगत नाही, आणि तीन वर्षं घालवल्यावर सनदेच्या दारात कळतं. तुमच्या ओळखीत कुणी असा प्रवेश घेत असेल तर हा परिच्छेद आजच त्याला वाचून दाखवा. दहावी-बारावी नियमित झालेली आणि फक्त पदवी मुक्त विद्यापीठाची असेल त्यांनी मात्र घाबरू नये.

पैसे

नोंदणी शुल्काबाबत ३० जुलै २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा गौरव कुमार निकाल लक्षात ठेवा. कायद्यात लिहिलेलं शुल्क सर्वसाधारण उमेदवाराला एकूण ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला १२५ रुपये. त्याहून जास्त शुल्क कोणत्याही राज्य कौन्सिलला घेता येत नाही. मुद्रांक शुल्क वेगळं. ‘ऐच्छिक’ म्हणूनही काही घेता येणार नाही, हे न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा बजावलं. २०२४ च्या निकालाआधी हजारो रुपये भरलेल्यांना परतावा नाही, कारण निकाल पुढच्या काळासाठी आहे. मधला कुणी ‘आतून करून देतो’ म्हणून पंधरा-वीस हजार मागत असेल तर उठून या.

नाकारलं तर

घाईत दुसऱ्या राज्यात अर्ज टाकू नका. नोंदणी समिती अर्ज नाकारू पाहते तेव्हा कलम २६ नुसार प्रकरण कारणांसह बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या मतासाठी जातं. नाकारल्यावर त्याची सूचना सगळ्या राज्य कौन्सिलांना पाठवली जाते आणि कलम २७ प्रमाणे, नाकारणाऱ्या कौन्सिलच्या आणि बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या लेखी संमतीशिवाय दुसरी कौन्सिल अर्ज घेऊ शकत नाही. त्रुटी निघणं आणि अर्ज नाकारला जाणं यांत फार फरक आहे. त्रुटीचं पत्र म्हणजे दुरुस्तीची संधी. दिलेल्या मुदतीत उत्तर द्या, स्पीड पोस्टाची पावती फाइलला लावा.

सनद हातात आल्यावर

इथे बहुतेकांना वाटतं काम संपलं. एआयबीई बाकी असते. २००९-१० पासून पदवी घेतलेल्या सगळ्यांना ती लागू आहे आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तिची वैधता मान्य केली. १०० प्रश्न, नोट्स नसलेले मूळ कायदे सोबत नेता येतात, उत्तर चुकलं तरी गुण कापले जात नाहीत. उत्तीर्ण व्हायला ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना ४० टक्के. मुदत चुकते ती इथे: दोन वर्षं मोजायची ती सनदेवरच्या नोंदणीच्या तारखेपासून. समारंभाच्या किंवा पहिलं वकीलपत्र दाखल केल्याच्या तारखेपासून मोजू नका. परीक्षेची तारीख दर वेळी अधिसूचनेतून कळते, फॉर्मची खिडकी थोडे दिवस उघडी असते आणि सनद घेतलेल्यांना फॉर्मला सनदेची प्रत लागते. ‘पुढच्या खेपेला बसू’ म्हणत संधी घालवल्या की मुदत संपते आणि न्यायालयात उभं राहण्याचा हक्क थांबतो.

जाहिरात नको. नियम ३६ प्रमाणे वकिलाने काम मागत फिरायचं नाही, पाटी माफक आकाराची, तीवर पदं आणि विशेषज्ञता नाही. २००८ च्या दुरुस्तीने संकेतस्थळावर नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक, शिक्षण, कामाचं क्षेत्र एवढी माहिती देता येते. रील काढून ‘घटस्फोट ३० दिवसांत’ लिहिणाऱ्या नव्या वकिलांनी कलम ३५ वाचावं. समज, निलंबन किंवा पटावरून नाव कमी होणं, शिक्षा या तीन आहेत. आदेशाविरुद्ध बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे अपील करायला ६० दिवस.

आणि पुढे नोकरी लागली तर कळवा. नियम ४९ चा हा दुसरा अर्धा भाग कुणी वाचत नाही. आमच्या न्यायालयातला एक गुणी मुलगा पोटासाठी एका पतसंस्थेत वसुली अधिकारी झाला, कौन्सिलला कळवलं नाही, अधूनमधून तारखेलाही उभा राहिला. चार वर्षांनी परत पूर्णवेळ वकिली सुरू केली तेव्हा समोरच्या पक्षकाराने त्याच्या पगारपत्रकासह तक्रार केली. नोकरी घेताना एक अर्ज देऊन सनद स्थगित केली असती आणि सोडल्यावर कार्यमुक्तीच्या आदेशासह ती पुन्हा चालू करून घेतली असती, तर ती चार वर्षं बिनबोभाट गेली असती. आता त्याच्या तारखा शिस्तपालन समितीसमोर लागतात.