मॉरिशस: निघण्याआधी वाचून ठेवा

मॉरिशसचे मुख्य बेट १,८६५ चौरस किलोमीटरचे आहे. मुंबई शहर आणि उपनगर हे दोन्ही जिल्हे एकत्र केले तर त्याच्या साधारण तिप्पट. उत्तर-दक्षिण ६५ किलोमीटर, पूर्व-पश्चिम ४५. एवढेसे बेट पाहून बरेच जण एका दिवसात दोन टोके उरकायचे ठरवतात आणि तिथेच गणित फसते. इथे अंतर कमी असले तरी हवा दर वीस किलोमीटरवर बदलते. पूर्वेला समुद्र उसळत असतो तेव्हा पश्चिमेला तो तळ्यासारखा निपचित असतो. आमच्याकडून सहल ठरवलेल्या प्रत्येकाने दिवसांची आखणी करण्याआधी हे पत्रक वाचावे, म्हणून ते थोडे सविस्तर लिहिले आहे.

वारा, पठार आणि प्रवाळाची भिंत

मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेला, २० अंशांवर आहे. त्यामुळे ऋतू आपल्या उलट. मे ते ऑक्टोबर हिवाळा, नोव्हेंबर ते एप्रिल उन्हाळा. जुलैत तिथे दिवस अकरा तासांचाच असतो आणि संध्याकाळी पावणेसहाला सूर्य मावळतो, म्हणून हिवाळ्यात सकाळी आठच्या आत गाडीत बसावे. घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. हिवाळ्यात दुपारचा सूर्य उत्तरेकडे असतो. हॉटेलात उन्हाची गच्ची हवी असेल तर खोली उत्तरेला तोंड असलेली मागा.

वर्षाचा बहुतेक काळ वारा आग्नेयेकडून येतो. तो पूर्व किनाऱ्याला धडकतो, मधल्या पठारावर चढतो, तिथे पाऊस टाकतो आणि कोरडा होऊन पश्चिमेला उतरतो. म्हणून पठारावरच्या क्युरपीपच्या परिसरात वर्षाला ४,००० मिलिमीटरपर्यंत पाऊस पडतो, म्हणजे रत्नागिरीपेक्षा जास्त, आणि तोही चार महिन्यांत न पडता वर्षभर झिमझिमत राहतो. तिथून वीसेक किलोमीटरवरच्या पश्चिम किनाऱ्यावर मात्र ९०० मिलिमीटरच्या आसपास. पठार किनाऱ्यापेक्षा चार-पाच अंशांनी थंडही असते. किनाऱ्यावरून निघताना ऊन आहे म्हणून विंडचीटर हॉटेलात ठेवला की वर कुडकुडायला होते. जुलै-ऑगस्टमध्ये इल ओ सेर्फ या छोट्या बेटाकडे जाणाऱ्या आणि तशा इतर पूर्वेकडच्या बोटसहली वाऱ्याने बेजार करतात. त्या महिन्यांत पाण्यातले दिवस उत्तरेला किंवा पश्चिमेला ठेवावेत.

तिसरी गोष्ट प्रवाळाची. बेटाला जवळजवळ पूर्ण वेढा घालून प्रवाळाची भिंत उभी आहे. लाटा तिच्यावर फुटतात आणि आतले पाणी उथळ, फिक्या निळ्या रंगाचे, संथ राहते. कोकणच्या माणसाला आणखी एक गोष्ट चटकन जाणवेल: भरती-ओहोटीतला फरक इथे जेमतेम अर्धा मीटर. आपल्याकडे ओहोटीला होडी चिखलात बसते तसे काही होत नाही.

पण दक्षिणेला ग्री-ग्रीजवळ ही भिंत नाही. तिथे खुल्या हिंदी महासागराची लाट थेट कड्यावर आदळते. दृश्य अप्रतिम आहे, ते कठड्याच्या आतून पाहावे. तिथे पोहायला उतरू नये, गुडघाभर पाण्यातही नाही, कारण परतणारी लाट पायाखालची वाळू ओढून नेते.

नैऋत्य टोकाच्या ले मॉर्न कड्याजवळचा ‘समुद्राखालचा धबधबा’ सगळ्यांनी फोटोत पाहिलेला असतो. तो खरा धबधबा नाही. उथळ तळावरची वाळू आणि गाळ खोल उताराच्या दिशेने ओढले जातात आणि रंगांच्या छटांमुळे पाणी कोसळल्याचा भास होतो. तो फक्त आकाशातून दिसतो, हेलिकॉप्टरमधून किंवा समुद्रविमानातून. किनाऱ्यावर उभे राहून किंवा बोटीतून काहीही दिसत नाही. बोटीचे तिकीट विकताना कोणी तो दाखवतो म्हणाले तर पैसे देऊ नका.

उथळ पाण्यात चालताना रबरी तळव्याचे बूट घालाच. दगडमासा तळाशी खडकासारखा पडून असतो आणि त्याच्या पाठीवरचे विषारी काटे पायात घुसतात. काटा लागला तर बर्फ लावू नका. सोसवेल इतक्या गरम, सुमारे ४५ अंशांच्या पाण्यात पाय बुडवून ठेवा. उष्णतेने विषाचा जोर मोडतो. आधी दुसऱ्या माणसाने हात घालून पाणी तपासावे, वेदनेत चटका कळत नाही. मग ताबडतोब रुग्णालय गाठा. रुग्णवाहिकेसाठी ११४.

सह्याद्रीचा भाऊबंद

मॉरिशसच्या रस्त्यांवरून जाताना उसाच्या शेतांत काळ्या दगडांचे उंच ढीग दिसतील. काही तर दुमजली घराएवढे. तो बेसॉल्ट आहे, आपल्या घाटांतला तोच काळा कातळ, आणि हे साम्य वरवरचे नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातल्या एका तप्त स्थानावरून भारताचा भूखंड सरकत होता, तेव्हा लाव्हाचे थरावर थर साचून दख्खनचे पठार आणि सह्याद्री झाला. भूखंड उत्तरेला सरकत गेला, चूल जागच्या जागी राहिली. तिच्यातूनच पुढे लक्षद्वीप-मालदीवची समुद्राखालची रांग उभी राहिली, सुमारे ८० लाख वर्षांपूर्वी मॉरिशस वर आले, आणि आज ती शेजारच्या रियुनियन बेटाखाली धगधगते आहे. रियुनियनचा ज्वालामुखी अजून जागा आहे. मॉरिशसचे विझलेले आहेत. क्युरपीपमधले त्रू ओ सेर्फ हे त्यातलेच एक विवर, त्याच्या काठावरून गाडी फिरते.

हे माहीत असले की शामारेलची सात रंगांची जमीन वेगळ्या डोळ्यांनी दिसते. बेसॉल्ट उष्ण, दमट हवेत कुजतो. त्यातले विरघळणारे घटक पावसाने वाहून जातात, लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे उरतात. आपल्याकडे याच क्रियेतून जांभा झाला. शामारेलला हीच माती तांबड्या, तपकिरी, जांभळट, निळसर लाटांसारखी उघडी पडली आहे. लोहाने लाल छटा येतात, ॲल्युमिनियमने निळसर-जांभळ्या. दुकानात मिळणाऱ्या काचनळीत रंग हलवून एकत्र केले तरी काही दिवसांत ते पुन्हा वेगळे होऊ लागतात, असे सांगतात. जागा लहान आहे, भोवतीच्या लाकडी कठड्यावरून अर्ध्या तासात पाहून होते. ढगाळ दिवशी रंग मळकट दिसतात. ऊन असेल त्या सकाळी, दहाच्या आत पोहोचा. त्याच आवारात सुमारे १०० मीटर उंचीचा धबधबा आहे. वाट वळणावळणाची आहे, ज्यांना गाडी लागते त्यांनी आधीच गोळी घ्यावी.

ले मॉर्नचा ५५६ मीटरचा कडा दुरूनही ओळखू येतो. पळून गेलेले गुलाम त्याच्या माथ्यावर आणि कपारींत लपून राहत. गुलामी १ फेब्रुवारी १८३५ रोजी संपली. ती बातमी द्यायला आलेल्या शिपायांना पाहून, आता आपल्याला पकडणार असे वाटून अनेकांनी कड्यावरून उड्या टाकल्या, असे तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. २००८ पासून ही जागा जागतिक वारसा आहे. चढाईचा पहिला टप्पा रुंद, सोप्या पायवाटेचा. तिथूनही खालचे पाणी छान दिसते. पुढचा टप्पा हातापायांनी चढायचा उभा कातळ आहे. रात्री पाऊस झाला असेल तर तो निसरडा होतो, तेव्हा पहिल्या टप्प्यावरूनच परतावे. जाऊन-येऊन तीन-चार तास, माणशी दोन लिटर पाणी, आणि सुरुवात उजाडताच.

डोडो

१५९८ मध्ये डच आले आणि त्यांनी आपल्या मॉरिस राजपुत्राचे नाव बेटाला दिले. तेव्हा इथे माणूस राहत नव्हता. डोडो हा कबुतराच्या कुळातला, उडता न येणारा, सुमारे मीटरभर उंच पक्षी जमिनीवरच अंडे घाली. शिकारीने त्याचे नुकसान झालेच, पण त्याहून जास्त केले ते जहाजांतून आलेल्या उंदरांनी, डुकरांनी आणि माकडांनी, कारण ती अंडी खात. शंभर वर्षांच्या आत डोडो संपला. त्याचा सर्वांत जवळचा जिवंत नातेवाईक म्हणजे आपले निकोबारी कबुतर. सतराव्या शतकात दोन जिवंत डोडो सुरतेला आणलेले होते. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने ते पाहिल्याचे लिहून ठेवले आहे.

डोडो गेला, पण बाकीचे वाचवण्यात मॉरिशसने जे केले ते आवर्जून पाहण्यासारखे आहे. १९७४ मध्ये मॉरिशस केस्ट्रेल या छोट्या ससाण्याचे रानात अवघे ४ पक्षी उरले होते. पिंजऱ्यातली पैदास आणि कृत्रिम घरटी यांच्या बळावर ती जात तगली. माएबूरजवळच्या २६ हेक्टरांच्या इल ओ झेग्रेत बेटावर मूळचे आबनुसाचे रान आणि गुलाबी कबुतरे आहेत. तिथे वाटाड्याबरोबरच जाता येते, त्यामुळे जागा आधी राखून ठेवावी लागते.

सोळा पायऱ्या

डचांनंतर १७१५ मध्ये फ्रेंच आले. १८१० मध्ये बेट इंग्रजांनी जिंकले, पण तहात रहिवाशांची भाषा, धर्म आणि कायदे तसेच ठेवायचे ठरले. म्हणून आजही गावांची नावे फ्रेंच, वर्तमानपत्रे फ्रेंच, सरकारी कामकाज इंग्रजी, घरात क्रिओल ही फ्रेंचवरून घडलेली बोली आणि गाड्या आपल्यासारख्या डाव्या बाजूने.

गुलामी बंद होताना मळेवाल्यांना उसासाठी मजूर हवे होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ जहाजातून कलकत्त्याहून ३६ मजूर उतरले, आणि पुढच्या दशकांत साडेचार लाखांहून अधिक. पोर्ट लुईच्या बंदरावरचा आप्रवासी घाट म्हणजे त्यांचा उंबरठा. २००६ पासून तो जागतिक वारसा आहे. इथे किल्ल्यासारखे काही भव्य असेल अशी अपेक्षा ठेवू नका. मूळ वास्तूचा थोडाच भाग उरला आहे: काळ्या दगडाच्या भिंती, रुग्णालयाच्या खोल्या आणि १६ पायऱ्या. त्या पायऱ्या चढून माणूस वर आला की त्याला क्रमांक मिळे, आणि करार साधारण पाच वर्षांचा असे. एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापत. शेतातले ते दगडांचे ढीगही आधी गुलामांनी आणि मग या मजुरांनी उसाला जागा करण्यासाठी हातांनी वेचून रचलेले आहेत. शेजारचे माहिती केंद्र आधी पाहा, मग पायऱ्या. तासभर लागतो. रविवारी बंद असते.

मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरी आणि आसपासच्या कोकणातली माणसे होती. त्यांचे वंशज आज मॉरिशसमध्ये मराठी म्हणूनच ओळखले जातात. घरात बहुतेक जण क्रिओल बोलतात, मराठी शाळेत शिकतात. तेव्हा भराभर न बोलता सावकाश बोलावे, आनंदाने उत्तर मिळते. कोकणातली जाखडी तिथे ‘झाकरी’ या नावाने नाचली जाते. नोंदणीत बहुधा माणसाचे पहिले नावच लिहिले जाई, म्हणून रामगुलाम, जगन्नाथ अशी पूर्वजांची नावे आता आडनावे झाली आहेत.

गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते, पण ती विसर्जनाच्या दिवशी, म्हणजे आपल्या चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी: २०२४ मध्ये ८ सप्टेंबर, २०२५ मध्ये २८ ऑगस्ट. विसर्जन पाहायचे असेल तर हा दिवस मोकळा ठेवा.

महाशिवरात्रीच्या आठवड्यात मात्र गंगा तलावाकडचे रस्ते कावडी घेऊन चालणाऱ्या यात्रेकरूंनी भरतात. दर्शनासाठी जायचे असेल तर जरूर जा, नुसते पाहायला जायचे असेल तर तो आठवडा टाळा. एरवी ३३ मीटर उंच मंगल महादेवाची मूर्ती आणि तलाव दीड तासात निवांत होतो. प्रसाद पिशवीत बंद ठेवा, माकडे हातातून ओढतात.

खाणे

शाकाहारी मंडळींनी दालपुरी शोधावी. हरभऱ्याची डाळ बोटाने दबेल पण मोडणार नाही इतपतच शिजवतात, कोरडी दळतात, जिरे घालून पुरणपोळीसारखी भरतात. फक्त गूळ नाही. डाळ जास्त शिजली तर सारण ओलसर होऊन पुरी लाटताना फुटते, आणि चांगल्या गाडीवाल्याची ओळख तीच, पुरी पातळ पण अखंड. ती जोडीनेच विकतात, आत घेवड्याची आमटी, टोमॅटोचा रस्सा (रुगाय) आणि चटणी. चांगल्या गाड्यांवरचा माल दुपारपर्यंत संपतो. ‘पिमां?’ असे विचारले तर ते मिरचीबद्दल आहे. किंमत विचारायची तर ‘कोम्ये?’

वादळ

नोव्हेंबर ते मेच्या मध्यापर्यंत चक्रीवादळाची शक्यता असते. इशारे चढत्या पातळ्यांचे असतात. पहिला ३६ ते ४८ तास आधी येतो, चौथा ताशी १२० किलोमीटरचे झोत प्रत्यक्ष सुरू झाल्यावर. तिसऱ्या इशाऱ्याला वाहतूक थांबते, तेव्हा हॉटेलातच राहायचे. विमानतळही बंद होतो, म्हणून या महिन्यांत परतीच्या दुसऱ्याच दिवशी घरी लग्न किंवा परीक्षा असे काही ठेवू नका आणि प्रवास विमा घ्याच.

बॅग भरताना

तिथले प्लग बहुतेक तीन चौकोनी पिनांचे असतात, आपली गोल पिन बसत नाही. ॲडॅप्टर इथूनच न्या. कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असलेली खोकल्याची आणि वेदनेची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय नेऊ नका, याबाबत तिथे फार कडक आहेत. पूजेसाठी ताजी तुळस, कढीपत्ता, फळे, बियाणे नेऊ नयेत, परवाना लागतो. सामान प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधू नका, कापडी घ्या. येताना किनाऱ्यावरचे प्रवाळ किंवा शंख-शिंपले बॅगेत टाकू नका. विमानतळावर ते काढून घेतात आणि दंड होतो. वाळूत पडलेला प्रवाळाचा तुकडा मेलेला दिसतो, पण तिथली पांढरी वाळू अशाच तुकड्यांची झिजून होते.